कपड्यांवरून जात कळलीच पाहिजे का?





आपल्या मंडळींत नाटकावर चर्चा झाली की ती संहितेवर होते, अभिनयावर होते, फार तर नेपथ्यावर होते. कपड्यांवर होत नाही. कपडे म्हणजे ड्रेपरी. ती मुंबई-पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून येणार आणि प्रयोग झाला की घामासकट परत जाणार. त्यात बोलायचं काय? मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे. गेली अठरा वर्षं अमेरिकेतल्या हौशी मराठी नाटकांचे कपडे करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे: आपण तोंडाने जे पुरोगामी नाटक बोलतो, ते अंगावरच्या कपड्यांनी खोडून काढतो. नाटक मध्ययुगातलं असलं तर हमखास.

निमित्त आहे गिरीश कार्नाडांचं ‘तलेदंड’. हे नाटक कन्नडमध्ये १९९० साली आलं, मंदिर आणि मंडल या दोन्ही वादांनी देश तापलेला असताना. १९९४ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इब्राहिम अल्काझींनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रेपर्टरीसाठी १९९२ मध्ये ‘रक्त कल्याण’ या नावाने त्याचा हिंदी प्रयोग बसवला होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. साल ११६८. स्थळ कल्याण, म्हणजे आपलं लोकलवालं नव्हे, तर बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. तिथला राजा बिज्जळ, त्याचा खजिना सांभाळणारे बसवण्णा, आणि बसवण्णांभोवती जमलेले शरण. त्यांत चांभार आहेत, परीट आहेत, विणकर आहेत, ब्राह्मण घरातून आलेलेही आहेत. जन्माची जात टाकून आपण एक झालो, असं ते म्हणतात. मग मधुवरस या मूळच्या ब्राह्मणाची मुलगी कलावती आणि हरळय्या चांभाराचा मुलगा शीलवंत यांचं लग्न ठरतं. बोलण्यातली समता घरात येते, आणि कल्याणच्या रस्त्यांवर रक्त सांडतं.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. बसवण्णांनी आधी मंगळवेढ्याला नोकरी केली असं परंपरा सांगते, आणि मंगळवेढं हे आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहे. पुढे त्याच मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. एकाच गावाच्या नावाशी या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत.

आमच्या भागातल्या एका मंडळाने हे नाटक करायला घेतलं. मंडळाचं नाव घेत नाही. तुम्ही तुमच्या गावचं नाव घातलंत तरी बहुतेक चालेल. मी कपड्यांचा आराखडा केला. सगळ्या शरणांना एकाच सुती कापडाचं धोतर-उपरणं किंवा लुगडं, फरक असलाच तर विणीचा आणि रंगाचा. आणि प्रत्येकाच्या गळ्यात, बाई असो की पुरुष, कापडात बांधलेलं इष्टलिंग. कमिटीने आराखडा पाहिला, “छान आहे” म्हणाले, आणि पुढचा प्रश्न आला: “पण प्रेक्षकांना कळणार कसं, कोण कुठल्या जातीचा ते?”

अहो, तेच तर नाटक आहे! कोण कुठल्या जातीचा ते कळू नये, म्हणून त्या माणसांनी जीव दिले. आणि आपण शनिवारी संध्याकाळी शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन ते कळावं अशी सोय करतो आहोत.

सोय अशी ठरली. ब्राह्मणांना रेशमी सोवळं, खांद्यावर ठसठशीत जानवं. बिज्जळाला ड्रेपरीतला भरजरी अंगरखा आणि जिरेटोप. कलावतीला नऊवारी आणि नथ. हरळय्या आणि शीलवंताला फाटकं, मळकं धोतर. वर मेकअपवाल्यांना सूचना, की या दोघांना दोन शेड काळं करा. शीलवंताचं काम करणारा मुलगा हुशार, कामाला नवा, विद्यार्थी व्हिसावरून नुकताच नोकरीत लागलेला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “ताई, त्यांनी मला माझं आडनाव विचारूनच हा रोल दिला. आता रंगही लावणार म्हणतात.” तिसऱ्या तालमीनंतर तो यायचा बंद झाला. त्याच्या जागी दुसरा आला, त्याला रंग लावला, प्रयोग झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी कार्यक्रमपत्रिकेतून माझं नाव काढायला लावलं.

आता मुद्द्यावर येते. कमिटीचं म्हणणं होतं, “अहो, इतिहासच तसा होता.” तर आधी इतिहासच बघू.

पहिली गोष्ट. बिज्जळ आणि शिवाजी महाराज यांच्यात पाचशे वर्षांचं अंतर आहे, आणि महाराजांच्या राज्याभिषेकापासून आपल्यापर्यंत साधारण साडेतीनशे. म्हणजे बिज्जळाला शिवकालीन अंगरखा घालणं हे शिवाजी महाराजांना जीन्स घालण्यापेक्षाही मोठी उडी झाली! पण जीन्स घातली तर दंगल होईल, आणि बिज्जळाचा अंगरखा कुणाच्या डोळ्यातही येत नाही. कारण आपल्या मनात ‘जुनं’ नावाचं एकच कपाट आहे. यादव, शिवकाळ, पेशवाई सगळं त्यात कोंबलेलं, आणि वर राजा रविवर्म्याच्या तसबिरीचं दार. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत घाटकोपरला सुरू झाला. घरोघरी लागलेल्या त्या चित्रांनी देवादिकांना, राण्यांना जे नेसवलं, ते आपण हजार वर्षांपूर्वीचं समजून बसलो. चित्रकाराचा त्यात दोष नाही, त्याने त्याच्या काळाची चित्रं काढली. न बघता मान डोलावतो ते आपण.

मग ११६८ च्या कल्याणात काय नेसत होते? बघायला बरंच काही आहे. बिज्जळाच्या आधी चाळीसेक वर्षं याच कल्याणात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाने कोणत्या ऋतूत कसली वस्त्रं वापरावी याचं प्रकरण आहे. गुजरातेतल्या अणहिलवाडापासून दक्षिणेच्या नागपट्टणापर्यंत आणि समुद्रापलीकडून सिंहल, महाचीनपर्यंतच्या कापडांची नावं त्यात आहेत. बिदर जिल्ह्यातच जलसंगवीच्या देवळावर, उभी राहून शिलालेख कोरणारी एक सुंदर बाई आहे. शिवाय आपल्याकडे गावोगाव पारावर पडलेले वीरगळ आहेत. देवळावर देव आणि दरबारी दिसतात. साधा माणूस बघायचा तर वीरगळ बघा, धोतर वर खोचून लढणारा.

हे सगळं नजरेखालून घातलं की एक गोष्ट लख्ख दिसते. राजा काय आणि गावकरी काय, अंगावरच्या वस्त्राचा मूळ प्रकार एकच आहे: न शिवलेलं कापड, कमरेला गुंडाळलेलं, खांद्यावर टाकलेलं. फरक आहे तो सुताच्या बारीकपणात, रंगात, काठात, निऱ्यांच्या लांबीत आणि दागिन्यांत. आजच्या ड्रेपरीसारखा ‘हा राजाचा ड्रेस, हा भिकाऱ्याचा ड्रेस’ असा प्रकार नाही. रंगमंचासाठी तर ही पर्वणीच आहे! एकाच कापडाच्या दहा प्रती काढा, दहा प्रकारे नेसवा. नेसण्यावरून माणूस दिसेल, आणि माणूस दिसला की पुरे.

आणि नथ! त्या काळच्या चालुक्य-होयसळ शिल्पांतल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत दागिन्यांनी मढलेल्या आहेत, पण नाक रिकामं. नथ ही आपली नंतरची हौस. हौसेला माझी ना नाही, मीही घालते. पण कलावतीच्या नाकात नथ घालून ती ‘आपली संस्कृती’ म्हणून मुलांना दाखवू नका.

दुसरी गोष्ट, आणि माझा खरा राग हिच्यावर आहे: ते फाटकं धोतर. गरीब म्हणजे फाटका आणि मळका, हे आपल्या नाटक-सिनेमाचं ठरलेलं गणित. मी कोल्हापूरच्या बाजूची. माझ्या आजीच्या गल्लीत पैसे कुणाकडेच नव्हते, पण फाटकं घालून घराबाहेर पडणारा माणूस मी पाहिला नाही. गरीब माणूस फाटलेलं शिवतो, ठिगळ लावतो. अगदीच जीर्ण झालं की त्याची गोधडी होते. चिंध्या लोंबत ठेवायला परवडत नाही हो! लोंबत्या चिंध्या ही वरून बघणाऱ्याची कल्पना आहे.

त्यातून हे शरण होते कोण, ते पाहा. मडिवाळ माचय्या हा परीट, कपडे धुणारा. जेडर दासिमय्या, बसवण्णांच्याही आधीचा, तो विणकर. कदिर रेम्मव्वे ही सूत कातणारी बाई. सूजी कायकद रामितंदे, म्हणजे सुईचं काम करणारा, शिंपी. हरळय्या वहाणा करणारा. आख्यायिका सांगते की त्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे केले. ‘कायक’ म्हणजे श्रम, आणि श्रम हीच भक्ती, असं सांगणारी ही माणसं. कातणारी, विणणारा, शिवणारा, धुणारा, वहाणा बांधणारा. म्हणजे अख्ख्या राज्याला कपडे पुरवणारे लोक! ज्यांनी कल्याणला नेसवलं, त्यांनाच आपण रंगमंचावर चिंध्या देतो. परटाला मळका दाखवतो! माझ्या मते हरळय्याच्या पायातली वहाण सगळ्या नाटकात सर्वांत देखणी हवी. बिज्जळाच्या वहाणेपेक्षाही. कारण ती त्याच्या हातची आहे.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? नामदेव शिंपी, कबीर विणकर. आपल्या संतपरंपरेत सुईदोरा आणि माग ठायी ठायी आहेत. आणि नाटकात मात्र संत म्हटला की भगवी कफनी, बस.

तिसरी गोष्ट, काळ्या रंगाची. या देशात आपल्या मुलांच्या शाळेत कुणी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयाची भूमिका केली, तर आपण त्याच रात्री प्रिन्सिपॉलला ईमेल लिहू. लिहायलाच हवं. मग चांभाराला काळं करताना तो हात का थांबत नाही? जात कातडीच्या रंगात दिसते हे आपल्याला कुणी सांगितलं? कोकणातले, देशावरचे, विदर्भातले आपलेच नातेवाईक लग्नाच्या फोटोत एका रांगेत उभे करा आणि रंगावरून जात ओळखून दाखवा. रंगमंचावर तोंड रंगवून आपण इतिहास दाखवत नाही. आपल्या मनातली प्रतवारी दाखवतो, तीही तिकीट लावून.

चौथी गोष्ट, शुद्धतेची. कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचं म्हणणं असं, की मध्ययुगातला खरा हिंदू पोशाख दाखवला पाहिजे, परकी आक्रमणाच्या आधीचा. ठीक आहे. मग त्यांनी स्वतः निवडलेले कपडे पाहू. जामा, पायजमा, मखमल, किनखाब, जरी: हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आलेले. म्हणजे शुद्ध हिंदू राजा नखशिखांत फारसी शब्द पांघरून उभा! बरं, उलट बाजूने ‘शिवलेले कपडे मुसलमानांनी आणले, त्याआधी आपल्याकडे शिवणच नव्हतं’ असंही कुणी सांगतात. अजिंठ्याची चित्रं पाहा. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर शिवलेले कपडे घातलेली माणसं आहेत. आणि कल्याणच्या शिंप्याचं नाव मी वर दिलंच आहे. कापड हे नेहमीच देवाणघेवाणीचं काम होतं. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळच्या फुस्टातला उकिरड्यांत आणि थडग्यांत गुजराती ठशांचं सुती कापड सापडलं आहे, नीळ आणि मंजिष्ठाच्या रंगातलं. त्याचे बाराशेवर तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यांतले काही थेट बिज्जळाच्या काळाच्या आसपासचे. राजेशाही नव्हे हं, साधं व्यापारी कापड. इंग्लंडातल्या मंडळींनी एकदा जाऊन अवश्य पाहावं.

यातून ‘प्रेक्षकांना रंगीत हवं असतं’ या आक्षेपाचंही उत्तर मिळतं. घ्या की रंगीत! निळा, तांबडा, हळदी, लाखेचा लाल, हिरड्याचा काळा. हे रंग तेव्हा होते आणि ते एकट्या राजाच्या मालकीचे नव्हते. नव्हता तो आपल्या ड्रेपरीतला डोळे दिपवणारा राणी रंग. कृत्रिम रंगांचा जन्मच मुळी १८५६ नंतरचा.

“अहो, हौशी नाटक आहे, एवढं काय मनावर घेता?” असंही मला सांगण्यात आलं. मनावर घेते, कारण हौशी नाटकातच आपण खरे दिसतो. व्यावसायिक नाटकाला गल्ल्याचा नाइलाज असतो. आपल्याला कुणी सक्ती केलेली नाही. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वीकेंडला, आपल्याला जे बघायला आवडतं तेच आपण उभं करतो. आणि ‘जात आम्ही तिकडेच सोडून आलो’ हे आपलं आवडतं वाक्य. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियात तशाच अर्थाचं विधेयक मंजूर होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी ते नाकारलं. त्या दिवसांत आपल्या पॉटलकमध्ये काय काय बोललं गेलं ते आठवा. ‘इथे जात आहेच कुठे?’ असं विचारणारेच तालमीत विचारतात, ‘जात कळणार कशी?’

कपडे म्हणजे सजावट नव्हे, हे आपल्या कोल्हापूरच्याच एका बाईने जगाला दाखवलं. भानू अथय्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात गांधींच्या अंगावरचे कपडे कमी कमी होत जातात, आणि कोटातल्या बॅरिस्टरचा पंचातला म्हातारा होईपर्यंत अर्धी गोष्ट कपड्यांनीच सांगून टाकलेली असते. ‘तलेदंड’मध्येही तशी सोय आहे. कार्नाडांचा बिज्जळ मूळचा न्हावी कुळातला. तो राजा आहे, पण आपलं कूळ लोक विसरत नाहीत हे त्याला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे बघताना ज्यांच्या डोळ्यांत ते कूळ दिसत नाही असे फक्त शरणच, हेही. अशा माणसाचं रेशीम हे कमावलेलं, विकत घेतलेलं आहे. त्याच्या अंगावर ते किंचित जड वाटलं पाहिजे. तिथे जिरेटोप चढवला की ही सगळी वेदनाच झाकली जाते.

आणि शेवटी इष्टलिंग. माझ्या मते या नाटकाची खरी वेशभूषा एवढीच आहे. जानवं काहींनाच, त्यातही पुरुषांनाच. बसवण्णांनी मुंजच नाकारली असं परंपरा सांगते. त्याऐवजी जे दिलं ते चांभाराच्या गळ्यात, ब्राह्मणाच्या गळ्यात, बाईच्या गळ्यात, अगदी सारखं. बाराव्या शतकात समता अंगावर घालता येईल अशी करून ठेवलेली, आणि आपली कमिटी म्हणते, “ते उपरण्याखाली झाका, ब्लॉकिंगमध्ये लटकतं.”

तक्रार पुष्कळ झाली. आता काम सांगते.

जिथे कुठे मध्ययुगातलं नाटक कराल, तिथे पहिल्याच मीटिंगमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. एक, कुणाच्याही कातडीला जातीसाठी रंग लागणार नाही, आणि भूमिका देताना आडनाव विचारलं जाणार नाही. दोन, गरीब पात्राचा कपडा धुतलेला, ठिगळ लावलेला असेल, फाडलेला नाही. तीन, ड्रेपरीची ऑर्डर देण्याआधी ज्या शतकातलं नाटक आहे त्या शतकाचं एक तरी शिल्प किंवा चित्र सगळ्यांनी मिळून पाहावं. गो. स. घुर्यांचं ‘इंडियन कॉस्च्युम’ १९५१ चं आहे, रोशन अल्काझींचं ‘एन्शंट इंडियन कॉस्च्युम’ १९८३ चं. विद्यापीठाच्या गावात राहत असाल तर लायब्ररीत विचारा. बरेचदा मिळतात.

खर्चाची सबब सांगू नका. इथल्या दुकानात ज्याला मस्लीन म्हणून विकतात, ते म्हणजे आपलं मांजरपाट. चार-पाच डॉलर यार्डाने मिळतं. दोनदा गरम पाण्यातून काढलं की खळ जाते आणि अंगावर पडतं छान. बेसमेंटमध्ये बादल्या मांडून चहा, हळद आणि निळीत रंगवा. मुलांना हाताशी घ्या, त्यांना मजा येते. अठरा पात्रांचे कपडे मी ड्रेपरीच्या भाड्यापेक्षा आणि येण्याजाण्याच्या बॅगेपेक्षा कमी पैशात केले होते.

ते सगळे कपडे माझ्याकडे धुऊन, घडी घालून ठेवलेले आहेत. धोतरं, लुगडी, उपरणी, आणि इष्टलिंगाच्या अठरा कापडी पिशव्या, सगळ्या एकाच मापाच्या. ज्या गावात ‘तलेदंड’ कराल तिथे पाठवीन, पोस्टेज माझं. अट एकच, पिशव्या उपरण्याच्या वर दिसल्या पाहिजेत.

आपली,
पडद्यामागची एक कार्यकर्ती